किटलीचा निरोप

६ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी दुपारी आमची सिस्टीम झोपली आणि आज सकाळी एका दुकानदाराने फोन करून आम्हाला उठवलं. मधल्या काळात कितीतरी दुकानांच्या ऑर्डरी अडकून बसल्या होत्या आणि आम्ही सगळे आपापल्या घरी सुखात लोळत होतो. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "आपल्या घरात काय चाललंय ते आपल्याला गिऱ्हाइकाने सांगायचं का?" आणि माझ्याकडे बघितलं. टीमची प्रमुख मी, तेव्हा निस्तरायचंही मीच.

आमचा सगळा कोड ज्या प्लॅटफॉर्मवर राहतो, तिथेच बिघाडांची नोंद ठेवायची सोय आहे. आम्ही तिकडे कधी फिरकलो नाही एवढंच. आता तिथे वेबहुक लावायचं. वेबहुक म्हणजे साध्या भाषेत एक पत्ता. काही बिघडलं की पाळत ठेवणारा प्रोग्राम त्या पत्त्यावर निरोप टाकतो, प्लॅटफॉर्म त्या बिघाडाची नोंद उघडतो आणि ज्याची पाळी असेल त्याचा फोन वाजतो. आपण सारखं जाऊन "बरं आहे ना?" विचारत बसायचं नाही. बिघडलं तर तेच सांगायला येईल. मला ही कल्पना फार आवडली. सारखं विचारपूस करत बसणं माझ्या स्वभावातच नाही.

आईला सकाळचा फोन केला, पण गाडी लावता लावता. बाबा गेल्यापासून रोज करते. आज तिने कुठल्याशा स्वप्नाची गोष्ट सुरू केली. मी लिफ्टमध्ये शिरले आणि आवाज तुटला. खरं सांगायचं तर तुटला नव्हता, मी ठेवला.

९ फेब्रुवारी, गुरुवार

पत्ता तयार झाला, त्याची गुप्त किल्ली तयार झाली, दोन्ही पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रामला दिले. मोठ्या थाटात सगळ्यांना माझ्या टेबलाशी बोलावलं आणि चाचणीचा निरोप सोडला. प्लॅटफॉर्मवर नोंद उघडली. तिचं शीर्षक: "नवीन: घटना". बस. काय, कुठे, कधी, काही नाही.

"छान," शंकासुर म्हणाला. "म्हणजे काहीतरी झालंय हे कळलं. काय झालंय ते दुकानदाराला फोन करून विचारू."

शंकासुर हे त्याचं नाव नव्हे, पण ऑफिसात आता त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. टीममधला सगळ्यात जुना. आपण पूल बांधून झालो की हा खाली उभा राहून विचारणार, खांब कुठे आहेत? मला त्याचा राग येतो आणि त्याच्यावाचून चालतही नाही.

चूक माझीच होती. तो प्रोग्राम ज्या रकान्यात शीर्षक पाठवतो, तो रकाना प्लॅटफॉर्मला ओळखीचा नव्हता. कुठला रकाना कुठे बसवायचा ते सांगितलं आणि मग शहाण्यासारखे निरोप यायला लागले. बिघडलं की नोंद उघडते, दुरुस्त झालं की आपोआप बंद होते. जीव भांड्यात पडला.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज शंकासुराने नवी शंका काढली. "निरोप आला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं तू धरतेस. पण निरोप पाठवणाराच आडवा झाला असेल तर?"

दिवसभर चिडचिड केली आणि संध्याकाळी त्याचं म्हणणं मान्य केलं. आता उलटं केलंय. ऑर्डरी हाताळणाऱ्या आमच्या मूळ सेवेने दर मिनिटाला "मी आहे" असा निरोप टाकायचा. तो आला नाही, तर बिघाड समजायचा. म्हणजे शांतता हीच घंटा.

घरी येताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आई! आई उठल्या उठल्या विजेच्या किटलीत पाणी ठेवते, आज कित्येक वर्षं तिचा हा नेम आहे. किटलीच्या मागे नेटला जोडलेला प्लग लावायचा. किटली चालू झाली की प्लग माझ्या वेबहुकवर निरोप टाकेल. ठरल्या वेळेपर्यंत आला नाही, तर माझा आणि दादाचा फोन वाजेल. दादाला लगेच कळवलं. तो परदेशात बसून काळजी करतो आणि रविवारी फोनवर काळजीच ऐकवतो. त्याचं उत्तर आलं, "वा! काय डोकं आहे तुझं. आता निर्धास्त."

१९ फेब्रुवारी, रविवार

आईकडे जाऊन प्लग लावून आले. गाडीने तासाभराचा रस्ता. तिच्या दोन खोल्या, ती छोटी गॅलरी, रांगेत लावलेल्या कुंड्या, सगळं एखाद्या वॉर्डासारखं टापटीप. जन्मभर सिस्टर होती, चादरीचा कोपरा अजून तसाच घट्ट मुडपते.

मी तिला सगळं समजावलं. ती चष्मा लावून प्लगकडे बघत राहिली.

"म्हणजे मी चहा ठेवला की तुला कळणार?"

"हो."

"आणि नाही ठेवला तर?"

"तर माझ्या फोनवर घंटा वाजणार. मी लगेच बघणार."

"वॉर्डातल्यासारखं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मग आता तू सकाळी फोन नाही करायचीस?"

"अगं, करेन की. पण रविवारी, निवांत. रोजचा तो काय फोन, तू बोलतेस आणि मी पळत असते."

"ते खरंच," आई म्हणाली. "तुझी किती धावपळ होते, इंजिनीअरीणबाई." आणि शेजारच्या काकूंना हाक मारून प्लग दाखवायला बोलावलं. काकू तिच्या समोरच्या दारात राहतात, एकमेकींच्या घराच्या किल्ल्या एकमेकींकडे आहेत. आई त्यांना कौतुकाने सांगत होती, माझ्या लेकीने केलंय. चांगलीच खूश दिसली.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मेले असते. एका मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर बैठक, साहेब बाजूला, आणि फोनवर आलं: "आई: सकाळचा निरोप आला नाही." बाहेर येऊन फोन लावला तर व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. मी गाडीची किल्ली उचलली आणि निघाले. साहेबांना काय सांगितलं तेही आठवत नाही.

पोचले तर आई दारात उभी. ठेवणीतले कपडे, केस नीट विंचरलेले. "आलीस?" म्हणाली. फोन बघितला, दादाचा निरोप येऊन पडला होता: "मी बोललो, आई मजेत आहे." म्हणजे मी लावत होते तेव्हा तोच बोलत होता.

स्वयंपाकघरात गेले. किटलीत पाणी भरलेलं, दोन कप बशांसकट मांडलेले, किटलीचं बटण तेवढं दाबलेलं नव्हतं.

"विसरलेच गं," आई म्हणाली. "आता आलीच आहेस तर बस जरा. चहा घे."

माझं डोकं सटकलं. मी काय काय बोलले. माझं कामच हे आहे आई, म्हटलं. उगाच वाजलेली घंटा सगळ्यात वाईट. दोनदा उगाच वाजली की पुढच्या वेळी कुणी जागचं हलत नाही. आमची अख्खी टीम ह्यापायी कावली आहे. आणि तू एक साधं बटण दाबायला विसरतेस?

आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आमच्या वॉर्डात एक आजी होत्या, कोपऱ्यातल्या खाटेवर. सारखी घंटा वाजवायच्या. जाऊन बघावं तर काही नको असायचं. एकदा मी चांगलीच रागावले त्यांच्यावर. मग दुसऱ्या दिवशी..."

"आई, नंतर सांग. साहेब वाट बघतायत."

"बरं बरं. जा तू." तिने एक कप उचलून फडताळात ठेवला. "आता नाही हो वाजणार उगाच."

वय झालं की माणूस विसरतं, ते कळतं मला. तरी इतकं रागवायला नको होतं.

५ मार्च, रविवार

आईशी फोनवर बोलले. त्या दिवसाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. किटली रोज वेळेवर. "बघ, शिकले की नाही," म्हणाली.

१३ मार्च, सोमवार

ऑफिसात उगाच वाजणाऱ्या घंटांचा सुळसुळाट झालाय. जरा कुठे सर्व्हर धापा टाकायला लागला की फोन, जरा नेट मंदावलं की फोन. लोक निरोप न वाचताच घंटा थांबवणारं "बघतो"चं बटण दाबायला लागलेत. मी मर्यादा वाढवल्या. एकाच प्रकारचे निरोप एकाच नोंदीत गुंडाळले. आता दिवसाला एखादाच. साहेब खूश. "शांत वाटतंय," म्हणाले.

"शांत आहे," शंकासुर म्हणाला, "का शांत केलंय?"

मी त्याला चहा पाजला आणि गप्प बसवलं.

२६ मार्च, रविवार

आज आईने हसवून हसवून पुरेवाट केली. म्हणाली, "ते हे गं, ते आपलं, पाण्याचं घड्याळ. फार जड लागतं हल्ली." मी म्हटलं, पाण्याचं घड्याळ? "अगं ते, ज्याने तुला कळतं." किटली! मग आम्ही दोघी हसलो. नंतर तिने एकदम विषय बदलला, तिला ओशाळल्यासारखं झालं असावं.

उजव्या हाताला सकाळी मुंग्या येतात म्हणे. एक कप फुटला. मी म्हटलं, झोपेत हात अंगाखाली येत असेल, उशी बदल. ती म्हणाली, हो, तसंच असेल. काकू सकाळी येऊन जातात, फार करतात बिचाऱ्या. ऐकून बरं वाटलं, तेवढीच सोबत.

डॉक्टरकडे जाऊन ये म्हटलं. "मी सांगते की तुला, काही असलं तर," म्हणाली. स्वतः सिस्टर आहे, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

६ एप्रिल, गुरुवार

पुन्हा नाचक्की. दुपारभर ऑर्डरी अडकल्या आणि सिस्टीमची तब्येत दाखवणाऱ्या आमच्या फलकावर सगळं हिरवंगार. दर मिनिटाला निरोप येत होता, मी आहे, मी आहे, मी ठीक आहे.

खोदून काढलं तेव्हा कपाळावर हात मारला. मूळ सेवेवर भार नको म्हणून तो निरोप पाठवायला आम्ही एक वेगळा छोटा प्रोग्राम बाजूला ठेवला होता. मूळ सेवा गपगार पडली होती आणि हा बाजूला बसून तिच्या वतीने "ठीक आहे" म्हणत होता. त्याची चूक नाही. त्याला तेवढंच सांगितलं होतं.

शंकासुर आज ओरडला नाही की टोमणा मारला नाही. नुसतं म्हणाला, "निरोप आला एवढंच बघू नका. कुणी पाठवला तेही बघत जा."

आता बदललंय. खरी ऑर्डर खरोखर पूर्ण झाली तरच निरोप जाईल, मधे कुणी नाही. सगळी टीम रात्रीपर्यंत राबली.

ह्या सगळ्या गोंधळात आईची किटली मात्र एक दिवस चुकलेली नाही. उलट आता अगदी ठोक्याला येते, पूर्वी मागेपुढे व्हायची. आमच्या यंत्रांनी तिच्याकडून शिस्त शिकावी.

९ एप्रिल, रविवार

फोन राहिला. नव्या बदलांची चाचणी चालू होती, उठून बघते तो दिवस संपलेला. सकाळी निरोप आला होता, म्हणजे ठीक आहे.

१६ एप्रिल, रविवार

आज करायचाच असं ठरवलं होतं. संध्याकाळी केला, ती झोपली होती म्हणे, काकूंनी उचलला. "उठवू का?" मी म्हटलं, नको, झोपू दे. काकूंना काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं. "तू कधी येतेस गं?" म्हणाल्या. म्हटलं, येते पुढच्या आठवड्यात.

मागून आईचा आवाज आला, "कोण आहे?" म्हणजे जागीच झाली होती. पण तोवर मी ठेवला होता.

१८ एप्रिल, मंगळवार

कालचं आज लिहितेय. दवाखान्याच्या बाकावर बसून.

काल दुपारी काकूंचा फोन. आई उठत नाही, तोंड वाकडं झालंय, बोलत नाही. मी निघाले. माझ्या आधी ती दवाखान्यात पोचली होती, काकूंनी गाडी बोलावून नेलं.

तरुण डॉक्टर होते. त्यांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. "शेवटचं नीट कधी पाहिलं होतं? बोलताना, चालताना? वेळ सांगा. त्यावर औषध ठरतं."

मी फोन काढला. मला माहीत होतं. मी अगदी खात्रीने, जवळजवळ अभिमानाने सांगितलं, "आज सकाळी. ही बघा वेळ. उठून तिने किटली लावली होती."

डॉक्टर लिहायला लागले आणि माझ्यामागून काकूंचा आवाज आला. "नाही गं. ते मी दाबलं."

मला समजलंच नाही. मी म्हटलं, काय दाबलं?

"बटण. रोज मीच दाबते. तिला सकाळी उठवत नाही, हात चालत नाही, महिना होऊन गेला. आज आले तेव्हा झोपली होती. मला वाटलं झोपू दे. बटण दाबलं आणि गेले."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. आदल्या संध्याकाळी काकूंनी तिला बोलताना ऐकलं होतं, माझा फोन आला तेव्हा. ती वेळ त्यांनी लिहिली. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "ते औषध देण्याची वेळ निघून गेली आहे. सकाळी आणलं असतं तर विचार करता आला असता."

मी काकूंना काय बोलले ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. "तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" सगळ्या लोकांसमोर, वरच्या पट्टीत.

त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुझ्या आईने. म्हणाली, वाजली तर ती सगळं काम टाकून धावत येते. तिला उगाच त्रास नको."

१८ एप्रिल, पुन्हा

मघाशी लिहीत असतानाच फोन वाजला होता. मी बघितला नव्हता. आत्ता बघितला.

"आई: सकाळचा निरोप आला नाही."

घराला कुलूप आहे, काकू इथे माझ्या बाकावर डोकं टेकून झोपल्यात, किटली कोण लावणार? मी बनवलेली घंटा अगदी बिनचूक वाजली. एक दिवस उशिरा.

खाली बटण आहे, "मी बघते आहे" असं. ते दाबेपर्यंत घंटा थांबून थांबून पुन्हा वाजते. मी दाबलं आणि मग मला रडू आवरेना. काकूंना जाग आली. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून बसल्या. ज्यांना काल मी तसं बोलले, त्यांनीच.

२४ एप्रिल, सोमवार

जीव वाचला. उजवी बाजू गेली आहे आणि बोलणं गेलं आहे. डॉक्टर म्हणतात, तिला सगळं कळतं, शब्द मिळत नाहीत. थोडे येतील, कदाचित, वर्षभरात. पूर्वीसारखं बोलणं येईल असं धरू नका.

दादा आला, चार दिवस राहिला, परत गेला. जाताना म्हणाला, "तुझी काही चूक नाही गं, तू तर सोय केली होतीस." मी त्याला गप्प राहा म्हटलं. त्याला माझी चूक नको आहे, कारण त्यात त्याचीही आहे. तोही रविवारचा फोन विसरायला लागला होता. निरोप दोघांनाही येत होता ना.

शंकासुर भेटायला आला. आईच्या खाटेशी उभा राहिला, तिला नमस्कार केला. आज त्याने एकही शंका काढली नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "ऑफिसचं मी बघतो. तू घंटेच्या यादीतून तुझं नाव काढ." मी काढलं.

किटलीचा प्लगही काकूंना काढायला सांगितला. त्या म्हणाल्या, "कालच काढला. तो दिवा लुकलुकताना बघवत नव्हता."

७ मे, रविवार

आईला आता पुनर्वसन केंद्रात हलवलंय. छान जागा आहे. खिडकीतून झाड दिसतं, भिंती फिक्या पिवळ्या. डाव्या हाताशी घंटेचं बटण लावून दिलंय. काही हवं असलं की दाबायचं.

ती दाबत नाही. इथली सिस्टर म्हणते, "तुमच्या आई फार गुणी पेशंट. पाणी हवं असलं तरी वाट बघत बसतात, कुणी आपणहून येईपर्यंत. एकदा चादर ओली झाली तरी वाजवली नाही." सिस्टर कौतुकाने सांगत होती.

मी तिच्यासमोर बसून सांगितलं, आई, वाजव गं. कितीही वेळा वाजव. काही नसलं तरी वाजव. मी चुकले. तुला तेव्हा जे बोलले ते सगळं चूक होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. कळलं असेलच. पण कळलं म्हणून माणूस लगेच बदलतो थोडाच, आणि सांगणारी तरी कोण, मीच.

बोलायला काहीच नसतं तेव्हा मी तिला जुन्या गोष्टी आठवून सांगते. आज मला एकदम ती कोपऱ्यातली आजी आठवली. "आई, त्या आजींचं काय झालं गं? तू रागावलीस, मग दुसऱ्या दिवशी?" आईच्या ओठांची खटपट झाली. "ती... ती..." असं काहीसं आलं. मग तिने डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी साहेब वाट बघत होते. काय झालं असतं, पाच मिनिटं थांबले असते तर? बैठक तशीही बुडालीच होती. आता ती गोष्ट जगात एकाच माणसाकडे आहे आणि तिला ती सांगता येत नाही. रोज सकाळचे ते फोन, ती स्वप्नं, कुंडीतल्या कळ्या, जिन्यात कोण भेटलं, सगळं मी लिफ्टमध्ये शिरताना कापून टाकलेलं. त्यातलं एक वाक्य आज मिळालं तर मी काय वाटेल ते देईन.

२१ मे, रविवार

आज घंटा वाजली.

मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसले होते, ऑफिसचं थोडं थोडं काम सुरू केलंय. तिच्या दारावरचा दिवा लागला आणि आवाज झाला. मी लॅपटॉप तसाच टाकून धावले. तिकडून सिस्टर धावत आली. आम्ही दोघी दारातच एकमेकींवर आपटलो.

आई उशीला टेकून बसली होती. चेहरा शांत.

"काय हवंय आजी? पाणी?" मान नाही.

"दुखतंय कुठे?" नाही.

"कूस बदलायची? बाथरूम?" नाही, नाही.

सिस्टरने उशी नीट केली, बटण तपासलं. "चुकून हात लागला असेल," ती मला म्हणाली.

त्यावर आईने जोरात मान हलवली. नवशिक्या सिस्टरांना दटावताना हलवायची तशी. मग डावा हात उचलला आणि खाटेजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं.

मला आधी वाटलं, खुर्चीवर काही आहे. काही नव्हतं. मी बसले. आईने हात खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून झाड बघायला लागली. तिला दुसरं काही नको होतं.

त्या दिवशीचे दोन कप माझ्या डोळ्यांसमोर आले. बशांसकट मांडलेले. ठेवणीतले कपडे, विंचरलेले केस, भरलेली किटली. ती विसरली नव्हती. तिने मला बोलावलं होतं, आणि मी तिला, जन्मभर दुसऱ्यांच्या घंटेला धावलेल्या बाईला, घंटा कधी वाजवायची ते शिकवून आले होते.

सिस्टर दारात थांबली होती. "काय हवं होतं त्यांना?"

"काही नाही," मी म्हटलं. "उगाच वाजवली."

संध्याकाळी ती पुन्हा वाजली. मी जवळच होते, त्याच खुर्चीत, फक्त मान खाली घालून फोनमध्ये ऑफिसचे निरोप वाचत होते. मी वर बघितलं तर आईचा अंगठा बटणावर आणि डोळे माझ्या फोनवर. मी तो पिशवीत टाकला.